चोवीस ओळींची बंदिश

तक्त्यात चोवीस ओळी असतात. तिसऱ्या ओळीखाली एक रेघ, सातव्या ओळीखाली दुसरी, बाविसाव्या ओळीखाली तिसरी. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगची गुणतालिका एवढीच. क्रीडापानावर ती छापून आलीच तर कोपऱ्यात, बारीक टायपात येते, आणि आपली नजर तिच्यावरून घसरून मँचेस्टर किंवा लिव्हरपूलकडे जाते. माझे सांगणे असे, की ही तालिका सावकाश, ओळ न ओळ वाचावी. ख्यालाची बंदिश कागदावर दोन-चार ओळींचीच असते. पण मुखडा कुठून उचलला आहे आणि समेवर कुठला शब्द ठेवला आहे हे कळले, की रचनाकाराने गवयाला कुठे मोकळे सोडले आणि कुठे बांधले ते दिसू लागते. या लीगच्या नियमांचेही तसेच आहे. मैदानात खेळतात बावीस जण. पण मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी चेंडू जाळ्यात गेला आणि अख्खे गाव रडले किंवा नाचले, तर त्याचे अर्धे श्रेय ती रेघ नेमकी तिथे ओढणाऱ्याला द्यावे लागते.

आधी नावे पाहू. १९५८ साली ही श्रेणी जन्मली तेव्हा ती सरळ ‘फोर्थ डिव्हिजन’ होती. १९९२ मध्ये सर्वांत वरच्या श्रेणीतले क्लब ‘प्रीमियर लीग’ म्हणून वेगळे झाले, तशी खालच्या श्रेण्यांची नावे एकेक अंक वर सरकली आणि चौथी श्रेणी ‘थर्ड डिव्हिजन’ झाली. २००४ पासून ती ‘लीग टू’ आहे. नाव दोनवर आले, जागा मात्र चौथीच राहिली. खरी गोडी आहे ती क्लबांच्या नावांत. क्रू अलेक्झांड्रा हा रेल्वे जंक्शनच्या गावचा क्लब. टॉर्की दक्षिणेकडच्या समुद्रकाठचा, तर वर्किंग्टन आणि बॅरो उत्तर-पश्चिम किनाऱ्यावरचे. पोर्ट व्हेल नावाचे तर गावच नाही. तो स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या बर्स्लेमचा क्लब, आणि १९५८-५९ मधला या श्रेणीचा पहिला विजेताही तोच. त्याच पहिल्या चोवीस नावांत वॉटफर्ड, कॉव्हेंट्री सिटी आणि क्रिस्टल पॅलेसही होते. यातल्या पॅलेसने २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप उंचावला. तळाच्या यादीत एवढी मोठी भवितव्ये गुपचूप उभी असतात, हे कळल्यावर बारीक टायपातली ती नावे भराभर वाचून पुढे जाववत नाही.

आता हिशेब. चोवीस संघ, प्रत्येकाने उरलेल्या तेवीस जणांशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकी ४६ सामने, आणि सगळे मिळून ५५२. या हिशेबात एकही धागा सुटा राहत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत चिठ्ठीत कोण निघाला यावर नशीब ठरते. इथे चिठ्ठी नाही, सोपा गट नाही, कठीण गट नाही. ऑगस्टच्या उन्हात ज्याच्याकडे पाहुणे म्हणून गेलात, तो जानेवारीच्या चिखलात तुमच्या दारात येतो. प्रीमियर लीगमध्ये ३८ सामने होतात, इथे आठ जास्त, आणि खेळाडूंचा ताफा मात्र लहान. त्यामुळे मंगळवारी रात्री शे-दोनशे मैल बसने जाऊन खेळलेल्या सामन्यालाही शनिवारच्या सामन्याइतकेच मोल असते. ५५२ सामन्यांत एकही सामना दुसऱ्यापेक्षा मोठा नसावा आणि तरीही शेवटच्या दिवशी एखादा सामना बाकी सगळ्यांपेक्षा मोठा होऊन बसावा, असे या बेरजेचे कसब आहे.

ही बेरीज ज्या घडीतून निघाली ती घडी मला फार सुंदर वाटते. फुटबॉल लीगची सुरुवात १८८८ मध्ये बारा क्लबांनी झाली; अ‍ॅस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. १८९२ मध्ये दुसरी श्रेणी आली, १९२० मध्ये तिसरी. पुढच्याच वर्षी तिसरीचे दोन भाग झाले, उत्तर आणि दक्षिण. प्रवासाचा खर्च वाचावा हा त्यामागचा रास्त विचार. पण रचना म्हणून पाहिली तर ती सपाट होती. दोन्ही भागांतून फक्त पहिला क्रमांक वर जायचा. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाने कितीही जीव तोडला तरी पदरात काही पडायचे नाही, आणि मधल्या पंधरा-वीस संघांचा हंगाम फेब्रुवारीतच संपल्यासारखा व्हायचा. १९५८ मध्ये रचनाकारांनी एवढेच केले, की उभी चिरलेली श्रेणी आडवी चिरली. उत्तर आणि दक्षिण या भागांतले वरचे अर्धे संघ तिसऱ्या श्रेणीत ठेवले, खालचे अर्धे चौथीत. धुतलेल्या पातळाची घडी एका दिशेने घातलेली असावी आणि कुणी ते उलगडून दुसऱ्या दिशेने घालावी, तसे. कापड तेच, आकार नवा.

या घडीचा सर्वांत नाजूक चुणीदार भाग सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आडवा छेद जाणार हे ठरलेले असल्यामुळे १९५७-५८ च्या हंगामात एकदम बाराव्या क्रमांकाला अर्थ आला. चोवीस संघांच्या तक्त्यात बारावा क्रमांक म्हणजे निव्वळ मध्य. त्याच्याकडे कधी कुणी पाहत नाही. त्या एका हंगामापुरती मात्र उंबऱ्याची रेघ बाराव्या आणि तेराव्या ओळींमधून गेली, आणि जे संघ एरवी निवांत मधल्या फळीत पेंगले असते ते उभ्या हंगामभर जागे राहिले. रेघ सरकवली की नाट्य सरकते. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांची गोष्ट या एका वाक्यात आहे, आणि रचनाकारांनी ती पहिल्याच फटक्यात लिहून ठेवली.

मग आला चारचा आकडा. नव्या चौथ्या श्रेणीतून दरवर्षी चार संघ वर जाणार आणि तिसरीतून चार खाली येणार, असे ठरले. चोवीसात चार, म्हणजे सहात एक. त्याआधी उत्तर आणि दक्षिण मिळून अठ्ठेचाळिसांतले दोनच वर जात होते; त्या तुलनेत हे दार प्रशस्तच. पहिल्याच वर्षी पोर्ट व्हेलबरोबर कॉव्हेंट्री, यॉर्क आणि श्रूजबरी वर गेले. पण या आकड्याची खरी ताकद पाहायची तर नॉर्दॅम्प्टन टाउनकडे पाहावे. १९६१ मध्ये हा क्लब चौथीतून वर गेला, १९६३ मध्ये तिसरी जिंकला, १९६५ मध्ये थेट पहिल्या श्रेणीत पोहोचला. तिथे एकच हंगाम टिकला. मग उतरण सुरू झाली आणि १९६९ मध्ये तो पुन्हा चौथीत आला. आठ वर्षांत जमिनीपासून शिखरापर्यंत आणि शिखरापासून जमिनीपर्यंत. एखाद्या तानेने मंद्रातून तार सप्तकात जाऊन त्याच स्वरावर परतावे, तशी ही पूर्ण कमान आहे. आणि इतकी लांब तान घेता यावी एवढी जागा मुळात रचनेत होती, याचे कौतुक वाटते.

वरचे दार असे ऐसपैस, पण खालचे? इथे या बंदिशीत एक खोट होती आणि ती झाकून रसग्रहण करता येणार नाही. चौथ्या श्रेणीच्या खाली लीगची भिंत होती. शेवटच्या चार संघांना दरवर्षी फेरनिवडीसाठी अर्ज करावा लागे. लीगबाहेरचे क्लबही अर्ज करत, आणि मग लीगमधले क्लब मतदान करत. बहुतेक वेळा जुन्या सोबत्यांनाच मते पडत. हार्टलपूलने तर चौदा वेळा असा अर्ज केला आणि प्रत्येक वेळी तो तरला. मात्र मते फिरली तर तक्त्यातल्या जागेला काही किंमत उरत नसे. १९६० मध्ये गेट्सहेड बाविसावा होता. त्याच्याखाली ओल्डहॅम आणि हार्टलपूल होते. ते दोघे राहिले आणि गेट्सहेड गेला. ४६ सामन्यांनी जो क्रम लावला तो एका खोलीतल्या मतपत्रिकांनी पुसला. गेट्सहेडच्या जागी आलेल्या पीटरबरो युनायटेडने मात्र या व्यवस्थेचीच दुसरी बाजू दाखवली. १९६०-६१ च्या आपल्या पहिल्याच हंगामात त्याने ४६ सामन्यांत १३४ गोल केले, त्यांतले ५२ एकट्या टेरी ब्लायचे, आणि श्रेणी जिंकली. भिंतीबाहेर किती जोरकस फुटबॉल साचून राहिले होते हे या एका संघाने १३४ वेळा ठणकावून सांगितले.

त्यानंतर भिंतीतून अधूनमधून जे आत आले त्यांचा प्रवास वाचताना हेच जाणवते. १९७२ मध्ये हेरेफर्ड युनायटेड आला. त्याच वर्षी एफए कपमध्ये चिखलाने भरलेल्या मैदानावर रॉनी रॅडफर्डने लांबून मारलेल्या गोलाने बरोबरी साधून त्याने पहिल्या श्रेणीतल्या न्यूकॅसलला २-१ ने घरी पाठवले होते. १९७७ मध्ये विम्बल्डन आला. नऊ वर्षांत पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप घेऊन गेला. १९७८ मध्ये विगन आला. त्यानेही पुढे २०१३ मध्ये तोच कप जिंकला. तळघरातल्या खिडकीतून आत आलेले पाहुणे दिवाणखान्याच्या मुख्य आसनावर जाऊन बसले. खिडकी इतकी अरुंद असताना हे घडले, म्हणूनच ती अरुंद का, हा प्रश्न दर वर्षी अधिक टोचू लागला.

या प्रश्नाला धार आली १९८० मध्ये. आदल्या वर्षी लीगबाहेरच्या वीस क्लबांनी एकत्र येऊन ‘अलायन्स प्रीमियर लीग’ सुरू केली होती. आजची नॅशनल लीग ती हीच. तोवर दर वर्षी अनेक उमेदवारांमध्ये मते फुटत. आता विजेत्याला एक स्पष्ट मान मिळाला. पहिला विजेता ऑल्ट्रिंगम. त्याच्यासमोर होता चौथ्या श्रेणीत अगदी शेवटी आलेला रॉचडेल. मते पडली: रॉचडेल २६, ऑल्ट्रिंगम २५. एका मताने दार बंद झाले. पुढच्या वर्षीही ऑल्ट्रिंगमनेच अलायन्स जिंकली, पण आत येणे काही झाले नाही. हे आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. हंगामभराच्या विजयांना २५ आणि शेवटल्या क्रमांकाला २६. लीगच्या इतिहासात सुधारणेची बाजू इतक्या थोडक्यात, इतक्या अचूकपणे मांडणारे दुसरे वाक्य मला सापडलेले नाही.

भिंतीला दार पडेपर्यंत आतल्या लयीत आणखी दोन बारीक फेरफार झाले होते. ते ओलांडून पुढे गेलो तर १९८७ ची गंमत निसटेल. गुण सारखे झाल्यास कोण वर, हे ठरवायला पूर्वी केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत. भागाकाराने बचाव करणाऱ्याला झुकते माप मिळे, आणि प्रेक्षकाला मनातल्या मनात हिशेब करणे अशक्य होई. १९७६-७७ पासून भागाकार जाऊन वजाबाकी आली: गोलफरक. दुसरी कळ जिमी हिल यांच्या पुढाकाराने १९८१-८२ मध्ये फिरवली गेली: विजयाला दोनऐवजी तीन गुण. हेच हिल साठच्या दशकात कॉव्हेंट्रीचे व्यवस्थापक होते. चौथ्या श्रेणीतून पहिल्या वर्षी वर गेलेल्या त्या कॉव्हेंट्रीला त्यांनी १९६७ पर्यंत पहिल्या श्रेणीत नेले होते. बरोबरीत समाधान मानणाऱ्या संघापेक्षा एक जिंकून एक हरणारा संघ आता पुढे जाऊ लागला. तबल्याची वादी जरा घट्ट ओढली की तेच बोल अधिक खणखणीत वाजतात, तसे झाले. ताल तोच होता. प्रत्येक मात्रा मात्र ऐकू येऊ लागली.

आणि १९८६-८७ मध्ये दार पडले. मतदान बंद झाले. चौथ्या श्रेणीतला शेवटचा संघ सरळ बाहेर, खालच्या लीगचा विजेता सरळ आत. तो मान नील वॉरनॉक यांच्या व्यवस्थापनाखालच्या स्कारबरोने मिळवला. बाहेर कोण जाणार याचा फैसला ९ मे १९८७ ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी व्हायचा होता. तळाला तीन नावे होती: बर्नली ४६ गुण, टॉर्की ४७, लिंकन सिटी ४८. एकेका गुणाचे अंतर, जणू कुणी मोजून जिना बांधावा. त्यातला बर्नली कोण? १८८८ च्या मूळ बारांपैकी एक, दोनदा इंग्लंडचा विजेता. नियम होऊन एकच वर्ष झालेले, आणि त्याने पहिल्याच परीक्षेत घराण्याच्या मूळपुरुषांपैकी एकाला उंबऱ्यावर उभे केले.

तो दिवस तीन मैदानांवर एकाच वेळी वाचावा लागतो. आपल्या टर्फ मूर मैदानावर बर्नलीने पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ओरिएंटला २-१ ने हरवले: ४९. लिंकन स्वान्सीत २-० ने हरला: ४८ वरच थांबला. टॉर्की आपल्या मैदानावर क्रूविरुद्ध मध्यंतराला दोन गोलांनी मागे होता. त्यातला एक जिम मॅकनिकलने फेडला. सामना संपत आला असताना मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसांच्या ब्रिन नावाच्या कुत्र्याने त्याच मॅकनिकलला चावा घेतला. उपचारासाठी खेळ थांबला, तेवढी मिनिटे शेवटी वाढवून मिळाली, आणि त्या वाढीव वेळात पॉल डॉबसनने बरोबरीचा गोल केला. टॉर्कीही ४८ वर आला. आता गुण सारखे, म्हणून गोलफरक. त्यात टॉर्की सरस, आणि लिंकन बाहेर. कुत्र्याची गोष्ट सगळे सांगतात. त्याखालची बांधणी पाहा. तीन गुणांच्या नियमामुळे बर्नली एका विजयात दोघांनाही मागे टाकू शकला, वजाबाकीमुळे टॉर्कीच्या प्रेक्षकाला बरोबरी पुरते हे उभ्या उभ्या कळत होते, आणि शेवटच्या ओळीखाली रेघ ओढलेली असल्यामुळे त्या एका गोलाचा अर्थ जगणे-मरणे असा झाला. तिन्ही नियम एकाच क्षणी समेवर आले.

त्याच वर्षी वरच्या टोकालाही नवी जागा घडवली गेली. पहिले तीन थेट वर. चौथ्या जागेसाठी ‘प्ले-ऑफ’. आजच्या रूपात चौथा सातव्याशी आणि पाचवा सहाव्याशी दोन-दोन सामने खेळतो, आणि त्यातले विजेते वेम्ब्लीवर अंतिम सामना खेळतात. १९९० मध्ये चौथ्या श्रेणीचा पहिला वेम्ब्ली सामना केम्ब्रिज युनायटेडने चेस्टरफिल्डला १-० ने हरवून जिंकला. इथे एक तपशील जाणकारीने पाहण्यासारखा आहे. लगतच्या वरच्या श्रेणीतून दोन संघ थेट वर जातात आणि तिथला प्ले-ऑफ तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत असतो. इथे तीन थेट, आणि प्ले-ऑफ चौथ्यापासून सातव्यापर्यंत. ही एक जास्तीची जागा आली कुठून? १९५८ मध्ये ठरलेल्या त्या चारच्या आकड्यातून. नाव दोनदा बदलले, श्रेण्या फुटल्या, जोडल्या, तरी मोजके हंगाम सोडले तर ‘चार वर, चार खाली’ हा मूळ स्वर हलला नाही. आणि सातव्या जागेपर्यंत आशा ताणल्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये दहाव्या-बाराव्या ओळीवरचा संघही मान वर करून पाहत राहतो. १९५७-५८ मध्ये एका हंगामापुरती जागी झालेली मधली फळी आता दर वर्षी जागी असते.

चांगल्या काव्यात यमक दूरच्या ओळीत येऊन भेटते. या लीगमध्ये अशी दोन यमके आहेत आणि दोन्ही कुणी जुळवलेली नाहीत. पहिले स्कारबरोचे. १९८७ मध्ये नव्या दाराने आत आलेला हा पहिला क्लब ८ मे १९९९ ला त्याच दारापाशी उभा होता. त्याचा सामना १-१ असा संपला. कार्लाइलचा सामना अजून चालू होता. तिथेही प्लिमथविरुद्ध १-१. तसेच राहिले तर स्कारबरो वाचला. स्कारबरोचे लोक मैदानात उतरून आनंद करत होते. तिकडे वाढीव वेळ संपत आला असताना कार्लाइलला कॉर्नर मिळाला, आणि गोलरक्षक जिमी ग्लास आपला गोल सोडून पुढे धावत आला. स्विंडनकडून उसना आणलेला हा खेळाडू कार्लाइलसाठी एकूण तीनच सामने खेळला. हेडर प्लिमथच्या गोलरक्षकाने अडवला, चेंडू सुटला, आणि ग्लासने तो जाळ्यात मारला. कार्लाइल आत राहिला, स्कारबरो बाहेर गेला. ज्या नियमाने त्याला बारा वर्षांपूर्वी हात धरून आत आणले त्यानेच त्याला निरोप दिला, तोही इतक्या उशिरा की दरम्यान तो सुटकेचा आनंद करून बसला होता. नियम निष्ठुर होता, पण आपपरभाव न ठेवणारा होता. फेरनिवडीच्या खोलीत नेमका हाच गुण कधी आला नाही.

दुसरे यमक अधिक लांब पल्ल्याचे. १९६२ च्या मार्चमध्ये अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली पैशांअभावी ३३ सामने खेळून लीगमधून बाहेर पडला. त्याचे निकाल तक्त्यातून खोडून टाकले गेले. रिकाम्या जागी ऑक्सफर्ड युनायटेड निवडला गेला. ऑक्सफर्ड पहिल्या श्रेणीपर्यंत चढला, १९८६ मध्ये लीग कप जिंकला, मग हळूहळू उतरला. अ‍ॅक्रिंग्टनच्या लोकांनी १९६८ मध्ये त्याच नावाने नवा क्लब काढला आणि तो स्थानिक लीगांच्या पायऱ्या एकेक करून चढत राहिला. २००६ च्या मे महिन्यात दोन्ही रेषा एकमेकींना छेदून गेल्या. अ‍ॅक्रिंग्टन वर आला, आणि त्याच हंगामात खाली गेलेल्या दोन क्लबांपैकी एक होता ऑक्सफर्ड. त्यातही आत एक लहानसे यमक दडले आहे. शेवटच्या दिवशी ऑक्सफर्डच्याच मैदानावर लेटन ओरिएंटने अखेरच्या क्षणी गोल करून सामना ३-२ ने जिंकला. त्या विजयाने ओरिएंट तिसरा येऊन थेट वर गेला आणि ऑक्सफर्ड खाली. तिसऱ्या ओळीखालची रेघ आणि बाविसाव्या ओळीखालची रेघ, दोन्ही एकाच सामन्यात ओलांडल्या गेल्या. कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आपण त्याला योगायोगाचा अतिरेक म्हटले असते. ४६ सामन्यांच्या हिशेबाने लिहिले, म्हणून ते कबूल करून नुसते पाहत बसावे लागते.

खालचे दार २००२-०३ मध्ये रुंद झाले. तोवर एक संघ आत येई, आता दोन येऊ लागले. पहिला विजेता म्हणून, दुसरा नॅशनल लीगच्या प्ले-ऑफमधून. हे दार अजून किती अरुंद आहे ते २०२२-२३ ने दाखवले. रेक्समने १११ गुण मिळवले, नॉट्स काउंटीने १०७. ही १८६२ मध्ये स्थापन झालेली काउंटी, बर्नलीसारखीच १८८८ च्या मूळ बारांपैकी. दोघांच्या एप्रिलमधल्या सामन्यात रेक्सम ३-२ ने पुढे असताना वाढीव वेळात काउंटीला पेनल्टी मिळाली, आणि रेक्समचा गोलरक्षक बेन फॉस्टर याने ती अडवली. १०७ गुणांचा मालक दुसरा आला. त्याला वेम्ब्लीवर चेस्टरफिल्डशी २-२ अशा बरोबरीनंतर पेनल्टी-शूटआउट जिंकून आत यावे लागले. तीन संघ आत घ्यावेत अशी मागणी खालच्या क्लबांनी पुढे ‘थ्री अप’ या नावाने लावून धरली. वरच्या तिन्ही श्रेण्यांतून तीन किंवा चार संघ खाली येतात, फक्त इथून दोन. रचनेच्या कानाने ऐकले तरी हा एक स्वर उणा लागतो, आणि म्हणून ही मागणी मला न्याय्य वाटते. पण काउंटीचे वेम्ब्लीवरचे ते आत येणे पाहताना हेही मान्य करावे लागते, की त्या उण्या जागेतून आलेली तान विसरता येत नाही.

आता पुन्हा तक्त्याकडे येऊ. चोवीस ओळी, तीन रेघा. यातल्या शेवटच्या रेघेवर बोट ठेवा: बाविसाव्या ओळीखाली. १९६० मध्ये गेट्सहेड बाविसावा होता आणि त्याला मतांनी बाहेर काढले. १९७२ मध्ये हेरेफर्डला आत घेण्यासाठी ज्या बॅरोला बाहेर काढले, तोही बाविसावाच होता. त्याच्याखाली स्टॉकपोर्ट आणि क्रू होते. आजच्या तक्त्यात गेट्सहेड आणि बॅरो दोघेही रेघेच्या वर, सुरक्षित राहिले असते. मतदान करणाऱ्यांनी त्या ओळीवर दोनदा अन्याय केला आणि पुढच्या रचनाकारांनी, कदाचित नकळत, नेमकी तीच ओळ वाचवली. लिंकन १९८७ मध्ये पडला तो एका वर्षात, १९८८ मध्ये, खालची लीग जिंकून परत आला. मतांनी गेलेल्या बॅरोला परतायला ४८ वर्षे लागली. २०२० मध्ये महामारीने हंगाम थांबला तेव्हा खालच्या लीगच्या तक्त्यात तो सर्वांत वर होता. एक वर्ष आणि अठ्ठेचाळीस वर्षे, यांच्यामधले अंतर म्हणजे त्या रेघेची किंमत. पुढच्या मे महिन्यात ही तालिका दिसली तर आधी विजेत्याचे नाव वाचू नका. बाविसाव्या ओळीवर कोण आहे ते पाहा, आणि त्याच्या पायाखालची रेघ किती काळजीपूर्वक ओढली आहे तेही.